सहा महिन्यांनंतर लकव्याचा हात येतो का? प्रौढ मेंदूतल्या जोडण्यांविषयी सविस्तर उत्तर

आपण लिहिले आहे की आपले वडील 58 वर्षांचे आहेत, नागपूरच्या इतवारीत त्यांचे किराण्याचे दुकान आहे आणि नऊ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून त्यांना लकवा झाला. पाय बराच सुधारला, घरात ते काठीशिवाय चालतात, बोलणेही स्पष्ट आहे. पण उजवा हात अजून मांडीवर पडून असतो. बोटे थोडी हलतात, मनगट किंचित वर येते, तरीही त्या हाताने ते काहीच करत नाहीत. एका ठिकाणी आपल्याला सांगण्यात आले की सहा महिन्यांत जेवढे आले तेवढेच, पुढे अपेक्षा ठेवू नका. दुसरीकडे आपण ऐकले की मेंदू कोणत्याही वयात नव्या जोडण्या तयार करतो. मग आपला प्रश्न असा की हे दुसरे खरे असेल, तर रोज तासभर व्यायाम आणि मालिश करूनही हात का येत नाही. आणि त्यांना दुकानात परत बसू द्यावे की घरी विश्रांती द्यावी.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी उपचार देणारी, आहे आणि गेली 24 वर्षे नागपुरात लकव्याच्या रुग्णांच्या हातांवर काम करते. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांचा हात किती येईल हे मी सांगू शकत नाही, आणि न तपासता तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र आपण विचारलेल्या प्रश्नाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मी रोज पाहते, म्हणून तिच्याविषयी नीट लिहिते.

मेंदू बदलतो की नाही, या शंकेत आपण अडकू नये. तो बदलतोच. आपल्या वडिलांचा मेंदू या नऊ महिन्यांत बदललेला आहे, फक्त आपल्याला नको त्या दिशेने. आजाराच्या पहिल्या आठवड्यांत त्यांनी उजव्या हाताने पेला धरण्याचा प्रयत्न केला असेल, पेला पडला असेल, शर्टाचे बटण लागले नसेल. डाव्या हाताने तेच काम सहज झाले. असे दिवसातून पन्नास वेळा घडले, घरच्यांनी मायेने पुढे होऊन मदत केली, आणि मेंदूने त्यातून एक धडा घेतला की उजवा हात उचलण्यात अर्थ नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकन संशोधकाने माकडांवरील प्रयोगांतून ही गोष्ट दाखवून दिली. एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडलेली माकडे तो हात वापरणे सोडून देत. परंतु चांगला हात काही दिवस बांधून ठेवला की तोच सोडलेला हात कामाला लागे. म्हणजे हातात ताकद शिल्लक होती, ती न वापरण्याची सवय जडली होती. टॉब यांनी तिला शिकलेला अवापर असे नाव दिले. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांच्या बाबतीत हात जितके करू शकतो आणि रुग्ण त्याच्याकडून जितके करून घेतो यांत मोठे अंतर असते, आणि आपल्या वर्णनावरून ते अंतर आपल्या वडिलांच्या बाबतीतही असावे असे वाटते.

ही सवय केवळ मनात नसते, ती चेतापेशींच्या जोडण्यांत उतरलेली असते, म्हणून त्या जोडण्या कशा बदलतात हे थोडे समजून घेणे उपयोगाचे ठरेल. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला प्रत्यक्ष चिकटलेली नसते. दोघींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी, अत्यंत बारीक फट असते आणि त्या जागेला चेतासंधी म्हणतात. पहिल्या पेशीतून विजेचा संदेश आला की ती फटीत ग्लुटामेटसारखे रसायन सोडते आणि पलीकडची पेशी ते टिपते. पलीकडच्या बाजूला ग्लुटामेट टिपणारी काही विशिष्ट दारे असतात आणि त्यांच्यात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. केवळ रसायन आले म्हणून हे दार उघडत नाही. त्याच क्षणी पलीकडची पेशी स्वतःही चेतलेली असेल, तेव्हाच बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. हे कॅल्शियम म्हणजे पेशीला मिळालेली खूण असते की या दोघी एकत्र काम करत होत्या, तेव्हा ही वाट पक्की करा. त्यानंतर काही मिनिटांतच ग्लुटामेट टिपणारी आणखी ग्राहके त्या जागी येऊन बसतात, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच संदेशाला मोठा प्रतिसाद मिळतो.

बरोबर काम करणाऱ्या पेशींची जोडणी पक्की होत असावी, असा तर्क कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी 1949 साली मांडला होता. प्रत्यक्ष पुरावा 1973 साली आला, जेव्हा टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाला थोडा वेळ जलद विद्युत्-संदेश दिले आणि तिथल्या जोडण्या तासन्‌तास बळकट राहिल्याचे नोंदवले. एरिक कँडेल, ज्यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या प्रयोगशाळेतले काम मला याहूनही बोलके वाटते. समुद्री गोगलगाईला दीर्घकाळ टिकणारा धडा शिकवल्यावर तिच्या संवेदक पेशीच्या टोकांची संख्या जवळजवळ दुप्पट झालेली दिसली. अल्पकाळाच्या शिकण्यात असलेली जोडणी फक्त जोर धरते, तर दीर्घकाळाच्या शिकण्यात पेशीला नवी प्रथिने बनवून नवी जोडणी उभारावी लागते. मग 2009 साली उंदरांच्या जिवंत मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावून पाहता आले: पूर्ण वाढ झालेल्या उंदराला पंजाने दाणा उचलण्याचे नवे कौशल्य शिकवायला लागताच तासाभरात हालचालीच्या भागातल्या पेशींच्या शाखांवर नवे बारीक काटे फुटले. प्रत्येक काटा म्हणजे एक होऊ घातलेली जोडणी. सराव पुढच्या दिवसांतही चालू राहिला तेव्हा त्यांतले बरेच काटे टिकले. म्हणून जोडणी फुटायला तास पुरतो, पण पक्की व्हायला दिवस आणि आठवडे लागतात, हे मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगते.

प्रौढ माणसांतही हे दिसते. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराचे हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले की काही वर्षे अभ्यास करून जे उमेदवार उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतील स्मृतीच्या भागाचा मागचा अंश वाढला होता, आणि जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांच्यात ही वाढ नव्हती. त्याआधी 2004 साली जर्मनीत प्रौढांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवले, तेव्हा तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूतील हालचाल पाहण्याच्या भागात वाढ आढळली. सराव सोडल्यावर ती वाढ ओसरू लागली. या दुसऱ्या भागाकडे आपण विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण थोडे बरे वाटले की सराव थांबवणारी कुटुंबे मी सतत पाहते.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येते. रोज एक तास व्यायाम होतो, मग फरक का पडत नाही? आपण त्या तासाचे वर्णन केले आहे ते असे: वीस मिनिटे तेलाची मालिश, मग मुलगा किंवा सून त्यांचा हात धरून वर-खाली करते, आणि उरलेला वेळ ते रबरी चेंडू दाबतात. यात कोणाच्याही प्रयत्नात कसर नाही, आपल्या घरात प्रेमाने सेवा चालली आहे हे स्पष्ट दिसते. तथापि वर सांगितलेल्या बुचाची आठवण ठेवून या तासाकडे पाहिले तर अडचण कळते. दुसरा माणूस हात हलवतो तेव्हा सांधे मोकळे राहतात, आणि ते आवश्यकच आहे, पण हात हलवण्याचा आदेश वडिलांच्या मेंदूतून निघालेला नसतो. आदेश देणारी पेशी आणि तो पुढे नेणारी पेशी एकाच वेळी चेतल्या नाहीत, तर कॅल्शियमची ती खूण उमटणार कशी? मालिशीने हाताला आराम मिळतो, कातडीची संवेदना जागी राहते, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. चेंडूबद्दल तर मी स्पष्टच लिहिते की बहुतेक लकव्याच्या हातांना त्याची गरज नसते. लकव्यानंतर मूठ वळवणारे स्नायू आधीच ताठर झालेले असतात, अडते ते मूठ उघडताना. दिवसाला दोनशे वेळा चेंडू दाबून आपण जे आधीच जास्त आहे त्याचाच सराव करतो. वडिलांचा हात ताठर असेल तर चेंडू बाजूला ठेवा आणि वस्तू सोडण्याचा, बोटे उघडण्याचा सराव सुरू करा.

दुसरी गोष्ट अवघडपणाची. रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना दोन प्रकारचे काम दिले. काही माकडांनी मोठ्या वाटीतून खाण्याच्या गोळ्या उचलल्या, ते सोपे होते आणि त्यांना आधीपासून जमत होते. काहींनी अगदी लहान खळग्यातून, बोटांची टोके जुळवून त्या उचलल्या. लहान खळग्यातून उचलणाऱ्यांच्या मेंदूत बोटांसाठीची जागा वाढली. मोठ्या वाटीतून हजारो वेळा उचलूनही मेंदूचा नकाशा बदलला नाही. केवळ आवर्तनांनी काम होत नाही, त्या आवर्तनात काही शिकायला असावे लागते. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक रुग्णाला तोच छापील तक्ता देत असे, दहा वेळा हे, दहा वेळा ते, आणि सहा-सहा महिने तक्ता बदलत नसे. त्या रुग्णांचे किती दिवस त्यात गेले याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. आता माझा नियम असा की दहापैकी सात-आठ वेळा जमते आणि दोन-तीन वेळा चुकते, इतके अवघड काम निवडायचे. दहाच्या दहा वेळा जमू लागले की त्याच दिवशी काम थोडे कठीण करायचे.

तिसरी गोष्ट लक्ष देण्याची. मायकेल मर्झेनिक आणि मायकेल किलगार्ड यांनी 1998 साली प्रौढ उंदरांवर एक प्रयोग केला. एक विशिष्ट स्वर ऐकवताना मेंदूच्या तळाशी असलेल्या, ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडणाऱ्या केंद्राला त्यांनी चेतना दिली, आणि त्या स्वरासाठीची मेंदूतील जागा कितीतरी वाढली. माणूस एखाद्या गोष्टीत मन घालतो तेव्हा हे रसायन नैसर्गिकरीत्या सुटते. लहान मुलाच्या मेंदूत जोडण्या जवळजवळ आपोआप बदलतात, परंतु प्रौढ मेंदूत त्यांच्याभोवती जाळीसारखी संरक्षक रचना तयार होऊन त्या स्थिर झालेल्या असतात, आणि हे चांगलेच आहे, नाहीतर आपण पन्नास वर्षांत शिकलेले एका आठवड्यात विसरून गेलो असतो. म्हणून प्रौढ मेंदूला बदलासाठी परवानगी लागते, आणि ती परवानगी लक्ष, गरज आणि यशाचा आनंद यांतून मिळते. मालिका पाहता पाहता बोटे उघडझाप करणाऱ्या रुग्णाला ती मिळत नाही.

चौथी गोष्ट संख्येची, आणि ती आम्हा व्यवसायातल्या लोकांना लागू आहे. उत्तर अमेरिकेतील लकव्याच्या उपचार-सत्रांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी आवर्तने फक्त 32 आढळली. ज्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले त्यांच्याकडून दिवसाला 400 ते 600 आवर्तने करून घेतली जात. आपल्याकडे याहून बरी स्थिती असेल असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही. आठवड्यातून तीनदा केंद्रात येऊन हा आकडा गाठता येत नाही, तो घरातच गाठावा लागतो.

आता त्या सहा महिन्यांविषयी. ही समजूत निराधार नाही, फक्त अर्धी आहे. रक्तपुरवठा तुटून ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. त्यांच्या आसपासच्या पेशी मात्र पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत बदलाला विलक्षण तयार असतात, शाखा फुटतात, काटे वाढतात, आणि याच काळात बहुतेक सुधारणा झपाट्याने होते. नुडो यांनी 1996 साली दाखवले की माकडाच्या मेंदूतील हाताच्या भागाला छोटी इजा झाल्यावर सराव दिला नाही, तर शेजारचा, इजा न झालेला भागसुद्धा हातासाठी काम करणे सोडत जातो. सराव दिला तर तो टिकतो आणि कधी कधी कोपर-खांद्याच्या शेजारच्या जागेतही पसरतो. म्हणून पहिले महिने मौल्यवान असतात हे खरे. परंतु तो काळ संपल्यावर दार बंद होते हे खरे नाही, ते जड होते. अमेरिकेत 222 रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. लकव्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या रुग्णांपैकी काहींच्या चांगल्या हातावर दिवसातला बहुतेक वेळ मोजा चढवून दोन आठवडे दुबळ्या हाताचा रोज तासन्‌तास सराव करून घेतला, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांची सुधारणा स्पष्टपणे अधिक होती, वर्षभरानंतरही टिकून होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील केंद्रात तीन आठवड्यांत 90 तासांचा कार्यक्रम चालतो. तिथल्या 224 रुग्णांचे निष्कर्ष 2019 साली आले, त्यांतल्या निम्म्या जणांना लकवा होऊन दीड वर्ष किंवा अधिक काळ लोटला होता, तरीही हात सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा कायम होती.

हे वाचून आशा वाटेल, आणि वाटावी. पण कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे तेही त्याच गांभीर्याने सांगते. मेंदूच्या पृष्ठभागापासून मणक्यापर्यंत हालचालीचा आदेश नेणारा तंतूंचा जो मुख्य जुडगा आहे, तो कितपत शाबूत आहे यावर बरेच ठरते. बोटे आणि मनगट स्वतःहून थोडी तरी उघडतात का, ही त्याची घरी पाहता येण्यासारखी खूण. वर सांगितलेल्या अमेरिकन चाचणीत असेच रुग्ण घेतले होते. आपल्या वडिलांचे मनगट किंचित वर येते असे आपण लिहिले आहे, म्हणूनच मी इतके सविस्तर लिहीत आहे. बोटांत काहीच हालचाल नसती तर माझे उत्तर वेगळे झाले असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. आम्ही आठ महिने मनापासून प्रयत्न केले, पण त्यांच्या बोटांत उघडण्याची हालचाल कधीच आली नाही. एके दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितले, आणि त्यानंतर आम्ही डाव्या हाताने लिहिण्यावर काम केले. डाव्या हाताने लिहायला शिकणे हेही मेंदूतल्या नव्या जोडण्यांचेच काम आहे, आणि त्यांनी वर्षभरात सुवाच्य अक्षर कमावले. हातातील संवेदना गेली आहे का, उजव्या बाजूकडे लक्षच जात नाही असे होते का, साखर आणि रक्तदाब ताब्यात आहेत का, मन खचले आहे का, यावरही बरेच अवलंबून असते. लकव्यानंतर पुष्कळ रुग्णांना नैराश्य येते आणि घरचे त्याला हट्ट किंवा आळस समजतात. तशी शंका असेल तर त्यासाठी डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण खचलेल्या मनाकडून लक्ष आणि आनंद मिळत नाही.

मेंदूच्या टॉनिकविषयीही आपण विचारले होते. नैराश्यावरचे फ्लुओक्सेटिन हे औषध हाताची हालचाल वाढवते असे 118 रुग्णांच्या एका छोट्या फ्रेंच चाचणीत 2011 साली दिसले होते, म्हणून मोठी आशा निर्माण झाली. पुढे ब्रिटनमध्ये 3,127 रुग्णांवर तपासले तेव्हा रुग्णांच्या कार्यक्षमतेत फायदा आढळला नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. नैराश्य असेल तर ते औषध डॉक्टरांनी द्यावे, हातासाठी म्हणून घेऊ नये. बाटलीतून मिळणाऱ्या टॉनिकवर पैसे खर्च करण्याऐवजी झोप सुधारा. उंदरांवरच्या 2014 सालच्या कामात दिसले की कौशल्य शिकल्यानंतर झोप मिळाली तर नवे काटे अधिक फुटतात आणि झोपू दिले नाही तर कमी. वडील रात्री मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर तपासून घ्या.

एक सावधगिरीची सूचना. जोडण्या बदलण्याची हीच शक्ती चुकीच्या दिशेनेही नेऊ शकते. अनेक वर्षे अतिसराव करणाऱ्या काही वादकांची बोटे एकमेकांपासून वेगळी हलेनाशी होतात, कारण मेंदूतील त्यांच्या जागा एकमेकींत मिसळतात. लकव्याच्या रुग्णात खांदा उचकवून, अंग वाकवून हात पुढे नेण्याची सवय अशीच घट्ट बसते आणि नंतर मोडायला फार कष्ट पडतात. म्हणून सुरुवात घाईने करू नका, एकदा तपासून घेऊन हालचाल योग्य पद्धतीने शिका. खांदा दुखत असेल तर हात ओढून वर नेऊ नका.

मग रोज काय करावे? वडिलांना ज्या कामाची ओढ आहे तेच काम सरावाचे साधन करा. इतवारीतल्या एका बाईंचे उदाहरण देते, ज्यांना लकवा होऊन चौदा महिने झाले होते आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी जुळत होती पण सुटत नव्हती. त्यांना मी संत्री सोलायला दिली. हिवाळा होता, अंबिया बहाराची संत्री घरोघरी येत होती. पहिल्या आठवड्यात सुनेने साल थोडी सुटी करून द्यायची आणि बाईंनी डाव्या हातात संत्रे धरून उजव्या अंगठ्याने उरलेली सोलायची. मग त्यांनी स्वतःच सुरुवात करायची. मग फोडी अलग करून एकेक वाटीत सोडायची, आणि शेवटी फोडीवरचे पांढरे धागे काढायचे. धागे काढण्याचे काम बोटांच्या टोकांना किती अवघड असते ते आपण स्वतः करून पाहा. सालीचा वास, रस, नातवंडांची मागणी, यांमुळे त्या दिवसाला आठ-दहा संत्री सोलत, आणि प्रत्येक संत्र्यामागे साल ओढण्याची, फोड सोडण्याची पन्नास-साठ आवर्तने सहज होत. मी खोलीत बसवून त्यांच्याकडून इतका सराव करून घेऊ शकले नसते. होळीपर्यंत त्या पोळी लाटू लागल्या. हात पूर्ववत झाला नाही, सुईत दोरा त्यांना अजूनही ओवता येत नाही.

आपल्या वडिलांसाठी त्यांचे दुकान हेच काम आहे. त्यांना घरी विश्रांती द्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, अर्थात त्यांच्या डॉक्टरांची परवानगी असेल आणि रक्तदाब आटोक्यात असेल तर. सकाळचे दोन तास त्यांना दुकानात बसवा. नागपूरचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधीच परत आणा आणि पाणी देत राहा. गर्दीच्या वेळी नेऊ नका, कारण गिऱ्हाईक थांबलेले असले की ते डावाच हात पुढे करतील. सुरुवातीला त्यांना हिशेबाची नव्हे, हाताची कामे द्या: वाटाणे आणि हरभरे मिसळून त्यांची निवड, तराजूत वजने ठेवणे आणि उचलणे, आधी अर्ध्या किलोचे, मग 200 ग्रॅमचे, मग 50 ग्रॅमचे, कारण वजन जितके लहान तितकी पकड अवघड. मापाने साखर पिशवीत ओतणे पुढच्या टप्प्यावर येईल, कागदाची पुडी बांधणे त्याच्याही पुढे, कारण त्यात दोन्ही हातांची जोडी लागते. दिवसाला तीनशे आवर्तने हे लक्ष्य धरा, एकदम नाही, वीस-वीस मिनिटांच्या चार-पाच टप्प्यांत. थकल्यावर हालचाल बिघडते आणि बिघडलेलीच पक्की होते. चांगल्या हातावर मोजा चढवण्याचा उपाय मात्र आपल्या मनाने करू नका. तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून तो देखरेखीखालीच करावा.

एक वही ठेवा. तिच्यात व्यायामाचे तास लिहू नका. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत उजव्या हाताने किती वस्तूंना स्वतःहून स्पर्श केला तेवढेच लिहा. पहिल्या आठवड्यात हा आकडा दोन किंवा तीन असेल, क्वचित शून्यही. सहा आठवड्यांनी तो बदलला नसेल तर वही घेऊन मेंदूविकारांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या थेरपिस्टला दाखवा आणि कामे बदलून घ्या. आणि दुकानात त्यांची बसण्याची जागा एकदा पाहा. गल्ला, तराजू आणि रोज लागणारी बरणी सध्या त्यांच्या डाव्या हाताशी मांडलेली असेल, कारण नऊ महिन्यांत कोणीतरी सोयीसाठी ती तिकडे सरकवली असेल. ती उजव्या बाजूला, हात सहज पोहोचेल इतक्या अंतरावर परत मांडा.